सोळा ठोकळे

"आता हे चित्र," म्हणत सरलाबाईंनी कार्ड पुढे ठेवलं आणि घड्याळाची कळ दाबली.

शेवंतीने सोळा लाकडी ठोकळे जवळ ओढले. कुठली बाजू लाल, कुठली पांढरी, कुठली अर्धी अर्धी. कार्डावर दिसते तशी नक्षी त्यांतून जुळवायची. अकरा वर्षांची ही मुलगी तिसरीत तिसऱ्यांदा बसली होती आणि मघाशी धड्यातली एक ओळ वाचताना तिला दरदरून घाम फुटला होता.

महादू गुरुजींनी आपल्यापुरता निकाल कधीच लावला होता. शाळेतून नाव कमी करण्याचा कागद लिहून तयार होता. पुण्याहून मुलांची बुद्धी तपासायला आलेल्या सरलाबाईंनी 'बुद्धी कमी' एवढं म्हणायचं, की सही ठोकून मोकळे. मुलीला घरी न्यायला तिची आई सुगंधा केव्हाची दाराशी येऊन बसली होती. काही वेगळं ऐकायला मिळेल असं तिलाही वाटत नव्हतं.

"झाला," शेवंती म्हणाली.

बाईंनी घड्याळ पाहिलं. मग कार्ड, मग पुन्हा घड्याळ. हुशार म्हणवणारी पुण्याची पोरंही या ठोकळ्यांशी याहून जास्त वेळ झटली होती. बाई खुर्चीतून पुढे झुकल्या.

"कसं केलंस गं? मला दाखव ना."

"झाप इणतंव तसा." माडाच्या झावळ्यांचे झाप ती घरी आईच्या जोडीने विणायची. "आधी मधला धरूचा. मगे कडा आपसूक येतत."

बाईंनी आणखी तीन कार्डं दिली. कार्डं अवघड होत गेली आणि शेवंती खुशीत येत गेली.

शेवटी बाई गुरुजींकडे वळल्या. "हिला बुद्धी कमी नाही. अक्षरांशी अडतं, ते निराळं. वेगळ्या रीतीने शिकवावं लागेल. नाव काढू नका, मी तसं लिहून देते."

गुरुजींनी तयार कागदाची चौघडी करून ती खिशात घातली. शेवंती मैत्रिणींना सांगायला बाहेर पळाली.

सुगंधा मात्र हलली नाही. बाई ठोकळे पेटीत भरू लागल्या. साडेतीनच्या गाडीने त्यांना कणकवली गाठायची होती.

"बाईनू, असा मोठ्या माणसाचाय आसता?" ठोकळ्यांकडे बोट दाखवत सुगंधाने विचारलं.

"कसं?"

"माका पण तिसरीतसून काढल्यानी. ह्या चेडू मठ्ठ, म्हणान सांगल्यानी. मी आजून तसाच समाजतंय." ती उठून टेबलापाशी आली. "माझी घेशात परीक्षा?"

"अहो, हे मुलांसाठी आहे. मोठ्यांचं मोजमाप माझ्याजवळ नाही."

"मोजमाप नको. माका नुसता बघूचा आसा."

बाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं आणि ठोकळे पुन्हा टेबलावर ओतले. सुगंधाने पदराला हात पुसले. मुलीच्या लहानशा बाकावर ती अवघडून बसली. गुडघे टेबलाला लागत होते. ठोकळ्यांकडे नेलेला हात तिने मध्येच मागे घेतला.

"घड्याळ लावा," ती म्हणाली. "चेडवाक, शेवंतीक लावलास तसा."

वळणावर गाडीचा हॉर्न वाजला. बाईंनी घड्याळाची कळ दाबली.