दशरथ घाडी विरुद्ध मोती

बिबट्याने दशरथ घाडींना खाल्लं. पण ते सोडा. काही झालंच नाही असं समजा, कारण त्या रविवारी सकाळी घाडी इस्त्रीचा सदरा घालून सोसायटीच्या गेटपाशी हात जोडून उभे होते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याकडे मत मागत होते.

घाडींना आयुष्यात एकदा निवडून यायचं होतं. नोकरीत असताना युनियनला उभे राहिले, पडले. निवृत्त झाल्यावर बोरीवलीच्या या सोसायटीत सेक्रेटरीपदाला उभे राहिले, पडले. पुढच्या खेपेला तर समोर उमेदवारच नव्हता, तरी सभेने पद रिकामं ठेवणं पसंत केलं.

आता संधी आली ती मुलामुळे. हर्षदने मोबाइलवर खेळायचा एक गेम बनवला होता. नॅशनल पार्कला लागून एक सोसायटी, भिंतीवरून येणारा बिबट्या आणि त्याला हुसकावणारे दोघं, म्हातारा वॉचमन तात्या आणि कुत्रा मोती. तात्याला हर्षदने वडिलांचा चेहरा दिला होता. खोकलाही वडिलांचाच. गेम चालला. आणि गेम चालला की चाहते घरी येतात.

चार जण आले. जान्हवी त्यांची पुढारी. त्यांनी चपला दाराबाहेर ओळीत काढल्या, हर्षदच्या आईने केलेले घावणे खाल्ले, आणि मग जान्हवीने अगदी अदबीने तक्रार मांडली.

"हर्षददादा, गेम झकास आहे. पण तुझा बिबट्या रोज येतो, कचऱ्याचा डबा हुंगतो आणि जातो. यार, त्याची काही इज्जत आहे की नाही?"

हर्षद म्हणाला, हा गेम लहान मुलंही खेळतात. जान्हवी म्हणाली, त्याच्या मताचा तिला पूर्ण आदर आहे, पण मुलांनाही कधीतरी कळायला हवं. कुणी आवाज चढवला नाही. पोह्यांसारखं मऊ बोलणं चाललं होतं. शेवटी ठरलं की बिबट्याने एकाला खायचं, आणि कुणाला ते खेळणाऱ्यांनी मतदान करून सांगायचं.

घाडी तेव्हा गच्चीवर पंप बंद करायला गेले होते. खाली आले तेव्हा त्यांना एवढंच कळलं की मतदान आहे, तात्या उभा आहे आणि समोर मोती आहे. कशासाठी, ते त्यांनी विचारलं नाही. निवडणूक म्हटल्यावर ते कधीच विचारत नसत. कुत्र्याकडून हरलो तर गावी तोंड कसं दाखवायचं, एवढीच धास्ती. हर्षदला सांगता आलं असतं. त्याने एकदा तोंड उघडलंही, पण वडील आरशासमोर हात जोडायचा सराव करत होते. त्याने तोंड मिटलं.

प्रचार जोरात झाला. घाडींनी सगळ्या विंगा पालथ्या घातल्या. ज्यांच्याकडे गेम नव्हता त्यांच्या फोनमध्ये तो घालून दिला. दुसऱ्या मजल्यावरच्या नीलमने मत देण्याआधी त्यांच्याकडे नीट निरखून बघितलं.

"काका, नक्की ना?"

"अगं, पूर्ण विचार करून उभा राहिलोय."

"घरच्यांना चालेल?"

"मुलानेच तर उभं केलंय."

नीलमने डोळे पुसले आणि मत दिलं.

निकालाच्या संध्याकाळी चाहते पुन्हा आले, चंदनाचा हार घेऊन. घाडींनी मान वाकवली. जान्हवी जरा घुटमळली, कारण हार तात्याच्या फोटोसाठी आणला होता. पण तिच्यावर चांगले संस्कार होते. तिने तो घातला. मग हर्षदने नवा अपडेट टीव्हीवर लावला. भिंतीवरून बिबट्या आला. या वेळी तो डब्याकडे गेला नाही. तात्या एकदाच खोकला. नंतर बराच वेळ पडद्यावर त्याची टोपी दिसत राहिली आणि मोती ती चाटत राहिला. चाहत्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या.

घाडी हार घालून बसलेले होते.

"किती मतांनी?" त्यांनी विचारलं.

"बरोबरीत होतात, काका," जान्हवी म्हणाली. "शेवटी गेम बनवणाऱ्याचं एक मत धरलं."

हर्षदच्या फोनवर पाच-पाच स्टार येऊन पडत होते. त्याने मान वर केली नाही. "कुत्रा मेला असता तर सगळ्यांनी एक स्टार दिला असता, पप्पा."

घाडी उठले. हार तसाच गळ्यात. सगळी नोकरी कचेरीत लोकांचे अर्ज वाचण्यात गेलेली, आवाज आपोआप तोच लागला.

"अर्जदाराच्या चिरंजीवांनी दिलेले निर्णायक मत बाद धरून, प्रतिस्पर्धी उमेदवार मोती यांस विजयी घोषित करावे, ही नम्र विनंती."