गरुड आणि घोडा

ओवीचं बारसं जर्मनीत इंगोलश्टाटला झालं, त्या वर्षीची गोष्ट. बारशाला आलेल्या तिच्या आजीनं, सुलेखाबाईंनी, सोबत दिवंगत नवऱ्याचा टाक आणला होता. जेजुरीच्या सोनारानं ठोकलेला, चांदीचा, घोड्यावर बसलेला वीर. रीतीप्रमाणे तो मुलानं देवात बसवायचा. पण मल्हार महिनाभर टाळत होता. "इतकी वर्षं झाली आई, आता कशाला?" टाक अजून बाईंच्या पर्समध्येच होता आणि परतीचं विमान रविवारी होतं.

शनिवारी सगळे बाळाला घेऊन म्युनिकला नाण्यांचं संग्रहालय बघायला गेले. एका काचेपाशी सुलेखाबाई थांबल्या. आत चांदीची जुनी नाणी होती. प्रत्येकावर वेगळा चेहरा. कुणाची मान जाड, कुणाची दाढी कुरळी.

"किती बारीक काम! जिवंत वाटतात."

"रोमचे बादशहा आहेत, आई," सून उर्जा पाटी वाचत म्हणाली. "मेल्यावर त्यांना देव केलं. नाण्याच्या मागे गरुड आहे, तो त्यांना वर नेतो."

"सगळ्यांच्या मागे तोच गरुड?"

"गरुड, नाहीतर पेटलेली वेदी."

"गेनाऊ, अगदी बरोबर," मल्हार हसला. "आपल्या जेजुरीच्या सोनाराकडेही दोनच साचे. बाबांनी जन्मभर एस.टी. चालवली आणि टाकावर घोडा!"

"मग काय स्टिअरिंग काढायचं होतं?" बाईंची नजर नाण्यांवरच होती. "ही नाणी ते बादशहा गेल्या गेल्या लगेच पाडली का गं?"

"नाही. हा पहिला जाऊन दोनशे वर्षं उलटली होती. नंतरच्या एका बादशहानं पाडली. त्याचं यांच्याशी नातंही नव्हतं."

"नातं नसताना?"

"काळ वाईट आला होता. चांगली माणसं आठवली असतील."

बाई घरातल्या थोरल्यांकडे बघावं तशा एकेका चेहऱ्याकडे बघत राहिल्या.

मल्हारनं पाटी स्वतः वाचली. मग पुन्हा एकदा वाचली.

"आई, टाक दे."

"इथे?"

"घरी जाईपर्यंत माझ्याकडे राहू दे. संध्याकाळी बसवतो."

त्यानं तो शर्टाच्या खिशात ठेवला आणि वरून हात धरला. स्टेशनापर्यंत तो हात त्यानं काढला नाही. बाबागाडी उर्जानंच ढकलली.

मल्हारचे वडील भास्कर २०१३ च्या मार्गशीर्षात वारले. मल्हार जर्मनीहून पोचला, तेव्हा तेरावं उरकलं होतं.