खांबामागचा कॉम्प्युटर

दहा पस्तीस झाले तरी शिफ्नाच्या स्क्रीनवर प्रश्न आलेला नव्हता. बाकीच्या अकरा कॉम्प्युटरवर तो दहाच्या ठोक्याला नेटवर्कवरून आला होता, आणि अकरा जण मान खाली घालून कीबोर्ड बडवत होते. उपजिल्ह्याच्या आयटी मेळ्यातून प्रोग्रॅमिंगसाठी एकच मूल जिल्ह्याला जाणार होतं, आणि बाराला स्पर्धा संपणार होती.

"तूच काहीतरी दाबलं असशील," पवित्रन माश, म्हणजे लॅबचे मास्तर, म्हणाले. शाळा त्यांची, लॅब त्यांची, तेव्हा चूक पाहुण्या पोरीची असणार हे ओघानं आलंच. "माझ्या लॅबमध्ये लिनक्सवर चालणारं यंत्र कधी रुसत नाही."

"मी कशालाच हात लावला नाही, माशे. वायर नीट आहे. नेटवर्क कार्डही दिसतंय. ते चालवणारा प्रोग्रॅम, त्याचा ड्रायव्हरच, लोड होत नाहीये."

परीक्षक लिसम्मा टीचर वही घेऊन आल्या. यंत्राचा दोष असेल तर गेलेला वेळ भरून मिळतो, स्पर्धकाचा असेल तर नाही. तसं लॅबच्या मास्तरांनी लिहून खाली सही करायची.

"बोला माशे, कोणाची चूक?"

"मुलीची." माशांनी पेन उघडलंसुद्धा.

शिफ्नानं उठून वहीवर हात ठेवला. दोन बस बदलून ती इथवर आली होती. "पाच मिनिटं थांबा, टीचर. मी शोधते. फक्त पासवर्ड हवाय."

माशांनी तो तळहाताच्या आडून टाइप केला. शाळेचं नाव आणि पुढे एक-दोन-तीन. अख्ख्या उपजिल्ह्याला तो पाठ होता.

शिफ्ना भराभर कमांड देऊ लागली. ड्रायव्हर जागेवर होता, सिस्टिमला चालणाराही होता. नाव घेऊन बोलावला तरी येईना. मग तिनं यंत्रालाच विचारलं, लोड करू नकोस, कसं करणार होतास तेवढं सांग. एका ओळीचं उत्तर आलं: या ड्रायव्हरला कोणीही बोलावलं तरी काहीही करायचं नाही.

तिचे कान तापले. भीती कुठल्या कुठे पळाली.

"टीचर, हा बिघडलेला नाही. याला कुणीतरी मुद्दाम अडवलंय." शेजारचे दोघे आपला प्रोग्रॅम सोडून मान वळवून बघू लागले.

तिनं तो हुकूम लिहिलेली फाइल उघडली. अडवणाऱ्या ओळीच्या वर, यंत्र वाचत नाही अशा जागी, मल्याळममध्ये टीप होती. ती मोठ्यानं वाचायला लागली.

"दहावीची परीक्षा होईपर्यंत याचं नेट बंद. हा खांबामागे आहे, माझ्या खुर्चीवरून दिसत नाही. नंतर आठवणीनं काढणे. बारा फेब्रुवारी..."

खालचं नाव दिसलं आणि ती थांबली.

आता ऑक्टोबर होता. याच्यावर नेट येत नाही हे शाळेतल्या मुलांना ठाऊक होतं, म्हणून कोणी तिथं बसत नसे. सकाळी सगळ्यांनी आपापल्या जागा धरल्या आणि हा सगळ्यात शेवटी पोचलेल्या पाहुणीला उरला.

तिनं ओळ पुसली, ड्रायव्हर पुन्हा बोलावला. कार्डाचा हिरवा दिवा लुकलुकला आणि प्रश्न स्क्रीनवर आला. शिफ्ना खुर्चीतल्या खुर्चीत उडाली. "आला, आला," ती पुटपुटली, आणि तिची बोटं धावायला लागली.

लिसम्मा टीचरनी चष्मा पुसला. "मग माशे, कुणी अडवलं होतं? काय लिहू?"

शिफ्नानं मान वर केली नाही. पुढच्या रांगेतून माशांचा लाडका विद्यार्थी वैशाख मात्र त्यांच्याकडेच बघत होता. त्याचा प्रोग्रॅम निम्म्याहून जास्त झाला होता.

माशांनी वही स्वतःकडे ओढली. 'गेलेला वेळ: बेचाळीस मिनिटं. चूक: पवित्रन.' खाली सही केली, तारीख घातली.

मग ते आपल्या खुर्चीपाशी गेले, तिला दोन्ही हातांनी उचललं आणि खांबाच्या पलीकडे नेऊन ठेवलं. तिथून बाराही कॉम्प्युटर दिसत होते.