बोट

कोवळ्या काकडीला बोट दाखवलं की ती सडते. प्रियांकाचा फोन घरच्यांचे चेहरे ओळखून खाली नाव लिहितो. पहाटेच्या एसटीनं पालमला जातो म्हणून निघालेला तिचा नवरा, आदिनाथ, अजून फोन उचलत नव्हता.

दसरा उलटला तरी शेताच्या बांधाचा धुरा ओला होता. तिथल्या अळंब्या खायच्या की विषारी, हे फोनला विचारायला प्रियांका कॅमेरा धरून वाकली.

“बोट नको दाखवू, नासतील!” सासू तानुबाई ओरडल्या.

“फोनला बोटं कुठं हायत, आत्याबाई?”

स्क्रीनवर सगळ्यात मोठ्या अळंबीभोवती पिवळा चौकोन उमटला. खाली नाव आलं: आदिनाथ.

“काय म्हणतंय? इषारी हाय का?”

चूक पुसायला प्रियांकानं स्क्रीनवरच्या नावावर बोट टेकवलं. समोरची अळंबी देठापासून काळी पडत गेली.

त्या पहाटे पालमची एसटी आलीच नव्हती.