परत यायची सोय

हैदराबादेत कुकटपल्लीतल्या कंपनीत नोकरी मिळताच मी पहिल्या वर्षानंतर बीएस्सी सोडायचं ठरवलं. “आता सरकारचाच नियम आहे, आई. वर्षाचं सर्टिफिकेट मिळतं, पुढं परत येऊन डिग्री पुरी करता येते.” लग्न ठरल्यावर आईनंही पहिल्याच वर्षानंतर तारनाक्याचं माझंच कॉलेज सोडलं होतं. तेव्हाचा लॅबचा पांढरा एप्रन ती मिरच्या कुटताना घालायची. सकाळी तोच अंगावर चढवून म्हणाली, “चल कॉलेजला. मला परत घेतलं, तर तू खुशाल सोड.” ऑफिसातल्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं, खुर्ची दिली, पाणी दिलं. मग हळूच म्हणाल्या, “अम्मा, ये रूल नए बच्चों के वास्ते है. आपका नई होता.” आईनं एप्रन काढला. मिरचीचे डाग आत जातील अशी घडी घालून माझ्या हातात दिला. “तुझं प्रॅक्टिकल आहे ना? पळ.”