शुक्रवारचं मीठ

आई गेल्यावर हॉस्पिटलचं स्वयंपाकघर लेकीकडे आलं. सोबत आईचा चाखायचा चमचा आणि शुक्रवारचा उपासही. सफाईवाल्या मावशींना हॉस्पिटल जेवण देत नव्हतं; ते सुरू होईपर्यंत दर शुक्रवारी स्वयंपाकघरात कुणी काही तोंडात घालायचं नाही, असं सगळ्यांनी देवासमोर ठरवलं होतं. मावशीही उपास धरायच्या. सात वर्षं हॉस्पिटलच्या साहेबांना झळ पोहोचली नाही, कारण न चाखताही आईचा हात मिठाला चुकायचा नाही. लेकीचा चुकला. तिसऱ्या शुक्रवारी रुग्णांची भरली ताटं परत आली, तसे साहेब तणतणत आले. "रस्सा आहे की समुद्र? चाखत नाही का?" "उपास आहे, साहेब." "अजून?" "मावशी जेवेपर्यंत." साहेबांनी परतलेली ताटं मोजली. "बसवा त्यांना जेवायला. आजपासून." दारातल्या एका मावशीनं रिकामं ताट पुढे केलं. "आईचं नाव घालवलंस, पोरी. पण काम केलंस." लेकीनं आईच्या चमच्यानं चाखलं. रस्सा खरंच खारट होता.