डावा स्पीकर

मालेसेलाने हातातली सुतळी जमिनीवर आपटली. सुतळी आपटून आवाज होत नाही, त्यामुळे तो आणखीच भडकला.

खुर्चीपासून डाव्या स्पीकरपर्यंत जेवढी सुतळी, तेवढीच उजव्यापर्यंत. विटांचे दोन्ही चौथरे सारख्या उंचीचे, बसलेल्या माणसाच्या कानाशी येतील असे. दोन्ही स्पीकर भिंतीपासून सारखेच पुढे ओढलेले, तोंडं खुर्चीकडे जराशी वळवलेली. एवढं करूनही रेकॉर्डवरची बाई मधोमध उभी राहून गायला तयार नव्हती. ती उजवीकडे सरकून, फ्रिजला टेकून गात होती.

आणि फाटकातून पलीकडच्या ॲटरिजव्हिल वस्तीचा जॅझ क्लब आत शिरत होता.

मामेलोडीच्या वस्तीत रविवारी दुपारी जॅझ ऐकायला माणसं जमली, की यजमानाची अब्रू मटणावर ठरत नाही, आवाजावर ठरते. मटण करपलं तर पाहुणे तोंडावर चेष्टा करतात. आवाजाला मात्र यजमानाच्या घरात नावं ठेवायची नाहीत, असा रिवाज. सालटी काढायची ती परतताना बसमध्ये. मागे एकाची अशी काढली, की त्याने पुढे पोरीच्या लग्नातही काही वाजू दिलं नाही. बिचारी मुक्यानेच सासरी गेली.

गेल्या हिवाळ्यापासून डावा स्पीकर दबत चालला होता. मालेसेलाने तो हातभर पुढे घेतला, खिडकीपासून दूर नेला, पडदे बदलले, बायकोचं काचेचं कपाट घराबाहेर काढलं. त्याचा राग असा, की अंगणातल्या कोंबड्या त्याला बघून निम्मं बाहेर आलेलं अंडं परत आत घ्यायच्या. स्पीकरला मात्र काही फरक पडेना. मग त्याला मागच्या पत्र्याच्या खोलीत राहणारा मेहुणा पुटी आठवला. त्याचं काम सुटलं होतं. पुटीला पेचकस धरता येत होता. आणखी काय पाहिजे? आतला चांगला माल काढून विकला असणार आणि त्या जागी कुठलं तरी डबडं बसवलं असणार.

पुटीने मेलेल्या आईची शपथ घेतली. मग म्हणाला, दाजी, दोन्ही स्पीकरची अदलाबदल करून बघू, लगेच कळेल. मालेसेलाने त्याला विचारलं, डाव्या पायातला बूट उजव्यात घालतोस का रे? स्पीकर जोडीने जन्मतात. ज्याची बाजू त्याची. चोराला तर उलथापालथ हवीच असते, कुठला कुठला ते कळायला नको.

आता पाहुण्यांतले वयाने सगळ्यांत मोठे, म्हणून सगळे ज्यांना न्टाटे, म्हणजे बाबा म्हणत, ते मोहाले मानाच्या खुर्चीत बसले. दुरंगी बूट जुळवले, डोळे मिटले आणि म्हणाले, बाई अगदी समोर उभी आहे, तिचा श्वाससुद्धा मधोमध येतोय. मग बाकीचे एकेक करून बसले. प्रत्येकाने तेच सांगितलं. कोणी मान डोलावली, कोणी शीळ घातली.

मालेसेलाचं रक्त तापत गेलं. खोटं बोलणं हे तर पाहुण्यांचं कामच होतं. जितकं गोड बोलत होते, तितका आवाज वाईट असणार. मोहाले दुसऱ्यांदा वाहवा म्हणाले, तेव्हा त्याला परतीच्या बसमधलं हसू आत्ताच ऐकू यायला लागलं.

त्याने अंगणात मटण भाजत असलेल्या पुटीला आत बोलावलं, सगळ्यांसमोर.

“माझ्या घरचं खाल्लंस आणि माझ्याच स्पीकरचं काळीज विकलंस. उचल तुझं बोचकं. परत या फाटकात पाय ठेवलास तर तंगडं मोडीन.”

पुटीने स्वयंपाकघराच्या दारातल्या बहिणीकडे पाहिलं. हातातला चिमटा नीट टेबलावर ठेवला आणि मागच्या खोलीकडे गेला. पाहुणे आपापल्या टोप्यांच्या कडा चाचपत राहिले.

मालेसेला छाती काढून खुर्चीत बसला. आता रिवाज गेला खड्ड्यात, तो म्हणाला. खरं सांगा, डावीकडून काही येतं का?

उत्तर द्यायला त्याची बायको राइसिबे स्वयंपाकघरातून आली. आई गेल्यावर पुटीला तिने पाठीला बांधून वाढवला होता. नवऱ्याला कधी अरेतुरे न करणारी ही बाई थेट एकेरीवर आली.

“तुझं थोबाड मला दिसायला नको. भिंतीकडे बघ.”

तिने खुर्चीचे दोन्ही हात धरले आणि मालेसेलासकट खुर्ची गर्रकन उलटी फिरवली. सिमेंटच्या जमिनीवर ठिणग्या उडाल्या, असं ॲटरिजव्हिलची मंडळी अजून सांगतात. स्पीकर त्याच्या पाठीमागे गेले आणि नाक भिंतीला लागायचं बाकी राहिलं.

तो उसळून उठणार होता. अर्धा उठलाही. पण रेकॉर्ड चालूच होती. सुई उचलायची कोणाची छाती झाली नव्हती. आणि तो खुर्चीचे हात धरून तसाच थांबला.

आता त्याच्या उजव्या हाताला तो मेलेला, काळीज विकलेला स्पीकर होता. बाई त्यातून खणखणीत गात होती. डाव्या हाताला ज्याच्यावर तो पैज लावायचा तो चांगला स्पीकर आला होता, आणि तिकडे सामसूम होती.

बाहेर पुटीने आपल्यामागे फाटकाची कडी लावली. ती मालेसेलाला एकाच कानाने ऐकू आली.